घुबडाच्या नाण्याची पारख

मुलांनो, घरात शोधा बरं, एखादं जुनं, जाडजूड पाच रुपयांचं नाणं सापडतंय का. १९९२ पासून निघालेलं ते पांढरं नाणं. आजीच्या सुपारीच्या डब्यात नाहीतर बाबांच्या टेबलाच्या खणात एखादं पडलेलं असतं. सापडलं? तळहातावर घ्या. त्याचं वजन आहे ९ ग्रॅम आणि रुंदी २३ मिलिमीटर. आता डोळे मिटा आणि कल्पना करा, की नाणं साधारण तेवढंच रुंद आहे, पण वजन जवळजवळ दुप्पट, १७.२ ग्रॅम. धातू म्हणाल तर चांदी. आणि वय सुमारे अडीच हजार वर्षं!

हे नाणं ग्रीस देशातल्या अथेन्स शहराचं. त्याच्या एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी आहे. दुसऱ्या बाजूला तिचं आवडतं घुबड. अंग बाजूला वळलेलं, पण तोंड थेट आपल्याकडे. डोळे असे वटारलेले, की जणू आपण वर्गात बोलताना पकडले गेलोय! घुबडाच्या पाठीमागे ऑलिव्हची डहाळी, एक चिमुकली चंद्रकोर आणि समोर तीन ग्रीक अक्षरं: आल्फा, थीटा, एप्सिलॉन. म्हणजे 'अथे', अथेन्सवाल्यांचं.

आपल्याकडे घुबड दिसलं की मोठी माणसं तोंड फिरवतात. अथेन्समध्ये मात्र घुबड म्हणजे शहाणपण, आणि घुबड म्हणजे पैसासुद्धा. लोक या नाण्यांना सरळ 'घुबडं'च म्हणायचे. 'अथेन्सला घुबडं नेणं' अशी त्यांची एक म्हणही होती. जिथे मुबलक आहे तिथेच ती वस्तू घेऊन जाण्याचा वेडेपणा, असा तिचा अर्थ. २००२ पासून ग्रीसमध्ये चालणाऱ्या एक युरोच्या नाण्यावर हेच जुनं नाणं घुबडासकट कोरलेलं आहे. म्हणजे नाण्यावर नाणं!

जगभरच्या संग्राहकांना एक तरी घुबड आपल्याकडे असावं असं वाटतं. आणि जे सगळ्यांनाच हवं असतं, त्याची नक्कल करणारेही निघतातच. ही नक्कल ओळखायची कशी, ते आज पाहू. पण खोटं ओळखायचं तर आधी खरं कसं तयार व्हायचं ते कळायला हवं.

घणाचा घाव

अथेन्सच्या जवळ लॉरियन नावाच्या डोंगराळ भागात चांदीच्या खाणी होत्या. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा लागला. ही चांदी नागरिकांत वाटून टाकावी असं ठरत होतं. पण थेमिस्टोक्लीस नावाच्या पुढाऱ्याने लोकांची समजूत घातली, की वाटून खाण्यापेक्षा लढाऊ जहाजं बांधा. जहाजं बांधली गेली आणि तीनच वर्षांनी, इ. स. पू. ४८० मध्ये, सालामिसच्या समुद्रात त्यांनी बलाढ्य इराणी आरमाराला हरवलं. त्यानंतर अथेन्सच्या हाती मोठी सत्ता आली आणि टाकसाळीतून घुबडांचे थवेच्या थवे बाहेर पडू लागले.

हे नाणं चार द्राक्मांचं. कुशल कारागिराला दिवसाची मजुरी एक द्राक्मा मिळायची. म्हणजे एक घुबड हातात पडायला चार दिवस राबायला हवं. एका द्राक्मात सहा ओबोल. ओबोल हे पाऊण ग्रॅमाच्या आतलं, टिकलीएवढं नाणं. बाजारात जाताना लोक ते चक्क तोंडात, गालाशी धरून न्यायचे. तुम्ही मात्र हा प्रयोग करू नका!

नाणं पाडायची रीत अशी. कारागीर कठीण धातूचे दोन ठसे हाताने उलटे कोरायचा. अथीनाचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला. त्यावर चांदीची जाड चकती ठेवायची. चकतीवर घुबडाचा ठसा असलेला खुंटा उभा धरायचा आणि वरून घणाचा दणका. की झालं नाणं. एका बाजूला छापा, दुसऱ्या बाजूला काटा.

आता विचार करा. चकती दर वेळी थोडी वेगळी. कधी लांबट, कधी गोल. ती ठेवणारा हात कधी इकडे, कधी तिकडे. घाव कधी जोरात, कधी तिरका. त्यामुळे कुठे देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा नाण्याबाहेर गेला, कुठे घुबडाचे पाय. वरचा खुंटा मार खाऊन लवकर झिजायचा, मग तो बदलायचा. खालची अथीना मात्र तीच राहायची. म्हणून एकाच ठशातून निघालेली नाणी ही एकमेकांची भावंडं असतात. चेहरेपट्टी सारखी, पण प्रत्येकाची अंगकाठी निराळी. हुबेहूब जुळं नाणं हाताच्या घणातून निघत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अथेन्सचा पोतदार

तुमच्या वर्गात पोतदार आडनावाचं कुणी आहे का? मराठेशाहीत सरकारी खजिन्यात येणारी नाणी पारखून घेणारा जो माणूस असे, तो पोतदार. अथेन्समध्येही असा पोतदार होता. फरक एवढाच, की तो सरकारी गुलाम होता.

१९७० साली अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत उत्खनन चालू असताना एक संगमरवरी शिळा मिळाली. तिच्यावर इ. स. पू. ३७५-३७४ चा एक कायदा कोरलेला आहे. निकोफॉन नावाच्या माणसाने तो मांडला होता. कायदा सांगतो, की पारख्याने बाजारात सराफांच्या मेजांजवळ बसावं. कुणी नाणं आणलं, की ते तपासावं. आत तांबं किंवा शिसं निघालं, तर नाणं तिथल्या तिथे छिन्नीने कापून टाकावं आणि ते देवांच्या मातेच्या नावाने जमा करावं. परक्या मुलखातलं, घुबडाचाच छाप असलेलं, पण चांदीचं नाणं असेल, तर ज्याचं त्याला परत द्यावं. आणि पारख्याने एकदा 'चांगलं आहे' म्हटलं, की ते नाणं नाकारण्याची सोय नाही. जो दुकानदार नाकारेल, त्याचा त्या दिवशीचा सगळा माल जप्त!

पारख्याची स्वतःची चैन होती असं समजू नका. तो जागेवर बसला नाही, तर त्याला चाबकाचे पन्नास फटके. पिरेयस हे अथेन्सचं बंदर. जहाजावरच्या व्यापाऱ्यांसाठी तिथेही एक पारखी नेमावा, असं याच कायद्यात म्हटलंय. म्हणजे बघा, खोट्या नाण्यांचा त्रास किती असेल, की त्यासाठी दगडावर कायदा कोरावा लागला.

ही खोटी नाणी बनवायचे कशी? तांब्याची चकती घ्यायची, तिच्याभोवती चांदीचा पातळ पत्रा गुंडाळायचा, तापवून तो घट्ट चिकटवायचा आणि मग ठसा मारायचा. वरून पाहणाऱ्याला चांदीच दिसायची. गंमत म्हणजे एकदा खुद्द अथेन्स सरकारनेच हा उद्योग केला! स्पार्टाशी लांबलेल्या युद्धात शत्रूने खाणींची वाट अडवली, खाणीत राबणारे गुलाम पळून गेले, खजिना रिकामा झाला. मग इ. स. पू. ४०६ च्या सुमारास सरकारने चांदीच्या पत्र्याची तांब्याची नाणी काढली. लोक काही दूधखुळे नव्हते. पुढच्याच वर्षी अ‍ॅरिस्टोफेनीस या नाटककाराने आपल्या 'बेडूक' या नाटकात भर रंगभूमीवरून या तांबड्या पैशांची खिल्ली उडवली.

अशी जुनी मुलामा दिलेली नाणी आज सापडतात, तेव्हा कुठेतरी पत्रा फाटून आतून हिरवट-काळपट तांबं डोकावत असतं. कुठे वरच्या कातडीला फोड आलेला असतो. आणि मौज अशी, की संग्राहक हीसुद्धा जपून ठेवतात. आहेत ना ती अडीच हजार वर्षांपूर्वीची, खरीखुरी खोटी नाणी!

काही अस्सल घुबडांवरही छिन्नीचा खोल घाव दिसतो. कधी अथीनाच्या गालावर, कधी घुबडाच्या डोक्यात. ही नाणी व्यापाराबरोबर इजिप्तपर्यंत आणि पूर्वेकडच्या देशांत गेली. तिथला सराफ नाणं कापून आत चांदीच आहे ना, एवढं बघून घ्यायचा. देखणं नाणं विद्रूप झालं खरं. पण मला विचाराल, तर असं घाव बसलेलं नाणं मला गुळगुळीत नाण्यापेक्षा जास्त आवडतं. त्या घावात एका अनोळखी माणसाची शंका गोठून राहिलेली आहे.

म्हाताऱ्यांना फिरायला नेणारा ठग

ते जुने ठग निदान पोटासाठी आपल्याच काळातल्या लोकांना फसवत होते. पुढे राजे-महाराजे, श्रीमंत लोक जुनी नाणी जमवू लागले आणि नवेच ठग जन्माला आले. आता खोटं नाणं नुसतं चांदीचं दिसून भागत नव्हतं, ते म्हातारंही दिसायला हवं होतं.

या ठगांचा मेरुमणी म्हणजे जर्मनीचा कार्ल विल्हेल्म बेकर. जन्म १७७२, मृत्यू १८३०. माणूस हुशार, हात सफाईदार. प्राचीन नाण्यांचे शेकडो ठसे त्याने स्वतः पोलादात कोरले. नाणी पाडायला तो चांदी वापरायचा, तीही कधी कधी जुन्या झिजलेल्या नाण्यांची. म्हणजे धातू खरोखरच पुराणा! एवढं करूनही नाणी नवी कोरी दिसत. मग बेकर ती लोखंडाच्या किसात घालून, एका डब्यात भरून, घोडागाडीच्या खाली बांधायचा आणि गाडी खडबडीत रस्त्यावरून दूरवर हाकायचा. धक्के खाऊन खाऊन नाण्यांचा नवेपणा जायचा. याला तो आपल्या म्हाताऱ्यांना फिरायला नेणं म्हणायचा, असं सांगतात.

मोठमोठे जाणकार त्याच्याकडून फसले. पुढे त्याचे ठसेच बर्लिनच्या संग्रहालयात जमा झाले. त्यामुळे आज एखाद्या नाण्याचा संशय आला, की ते बेकरच्या ठशांशी ताडून बघता येतं. ग्रीसमध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्तोदुलोस नावाचा असाच एक ठसेबहाद्दर होता. स्वोरोनोस या ग्रीक नाणेतज्ज्ञाने १९२२ साली त्याच्या खोट्या ठशांची चित्रांसह जंत्रीच छापली. चोराची ओळखपरेडच म्हणा ना!

भावंडं चालतील, जुळी नकोत

बेकरएवढं कसब सगळ्यांकडे कुठून असणार? बहुतेक खोटी नाणी सोप्या रीतीने होतात. एका अस्सल नाण्याचा साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. ही ओतीव नाणी ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग पुरे.

भिंगातून आधी नाण्याची कड पाहा. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात, तिथे कडेभोवती बारीक शिवण उमटते. ती लपवायला कड कानशीने घासलेली असते आणि त्या घासण्याच्या रेघा दिसतात. घणाखाली दबलेल्या खऱ्या नाण्याच्या कडेला मात्र चांदी फाकून बारीक भेगा पडलेल्या असतात. मग पृष्ठभाग पाहा. ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांचे टाचणीच्या टोकाएवढे खळगे राहतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या मऊ, गोलसर दिसतात. ठशातून निघालेल्या नाण्यात अक्षर पृष्ठभागातून ताठ उभं राहतं आणि अक्षराच्या आसपास, मधून कडेकडे जाणाऱ्या अतिशय बारीक रेषा दिसतात. घाव बसताना चांदी वाहत गेली, त्याची ती पाऊलवाट.

काही नकला दोन पातळ कवचं जोडून करतात. ब्रिटिश म्युझियममध्ये रॉबर्ट रेडी नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात विजेच्या साहाय्याने अशा सुंदर प्रतिकृती केल्या. त्या अभ्यासासाठी होत्या, त्यामुळे कडेवर 'आर आर' अशी खूण असे. खूण घासून टाकली आणि नाणं विकायला काढलं, की त्याच प्रतिकृतीची नक्कल होते. हेतू बदलला की वस्तूचं नाव बदलतं.

आणि आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. अलीकडचे नकलाकार फार तयारीचे आहेत. ते अस्सल नाण्यावरून ठसाच तयार करतात, खरी चांदी घेतात आणि नाणं दाबून काढतात. शिवण नाही, बुडबुडे नाहीत, वजन बरोबर. मग पकडायचं कसं? त्या मूळ नाण्यावर दोन हजार वर्षांत पडलेला एखादा ओरखडा असतो. घुबडाच्या छातीवरची एक खोक असते. ठशात तीही उतरते आणि मग प्रत्येक नकलेवर तोच ओरखडा, तीच खोक, तिथल्या तिथे! दोन वेगवेगळ्या नाण्यांना आयुष्यात पडताना एकाच जागी, एकसारखीच जखम होईल का? एका शाळेतली दोन मुलं सारखी दिसली तर भाऊ असतील म्हणू. पण दोघांच्याही गुडघ्यावर तंतोतंत एकच खरचटलेलं असेल, तर काहीतरी काळंबेरं आहे.

म्हणून जाणकार मंडळी नाणं हातात आलं, की आधी पुस्तकं आणि लिलावांच्या जुन्या याद्या काढून बसतात. त्यांत त्या नाण्याची भावंडं शोधतात. भावंड मिळालं तर आनंद. जुळं मिळालं तर धोका.

एक धोक्याची सूचना. नाणं वाजवून घ्यावं असं आपल्याकडे म्हणतात. खणखणीत वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. पण प्राचीन नाण्याला ही परीक्षा लावू नका. जमिनीखाली शतकानुशतकं राहून चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असते. अस्सल नाणंही बद्द वाजेल, आणि फरशीवर पडलं तर बिस्किटासारखं मोडेलसुद्धा.

आर्किमिडीजचा काटा

राजाच्या मुकुटाची गोष्ट तुम्ही वाचली असेल. सोनाराने मुकुटात चांदी मिसळली की काय, अशी राजाला शंका आली आणि आर्किमिडीजला न्हाणीघरात उत्तर सुचलं. हा आर्किमिडीज सिराक्यूज या सिसिली बेटावरच्या ग्रीक शहरातला. तिथली दहा द्राक्मांची नाणी इतकी सुरेख, की किमोन आणि युआयनेटोस या कारागिरांनी चित्रकारासारखी ठशावर आपली नावं कोरली. आर्किमिडीज त्यांच्यानंतरचा, पण त्याची युक्ती नाण्यांना छान लागू पडते.

प्रयोग करायचा असेल तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लागेल, सोनाराकडे असतो तसा. शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळेल. आधी नाण्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा. तळाला किंवा पेल्याला टेकू देऊ नका. काटा एक आकडा दाखवेल. नाण्याने जेवढं पाणी बाजूला सारलं, त्याचं ते वजन. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागा, की धातूची घनता मिळाली.

आपलं पाच रुपयांचं नाणं सोडलंत, तर आकडा येईल सुमारे १. म्हणजे ९ भागिले १, घनता ९ च्या आसपास. ते तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं आहे, म्हणून. चांदीची घनता १०.५. तेव्हा १७.२ ग्रॅमच्या घुबडाने सुमारे १.६४ आकडा दाखवायला हवा. तेवढ्याच वजनाचं तांब्याचं नाणं जास्त जागा व्यापेल आणि आकडा १.९ च्या पुढे जाईल. नाण्याला ना घाव, ना ओरखडा. छिन्नीवाल्या पारख्याला हे ठाऊक असतं, तर किती घुबडांची डोकी वाचली असती!

अर्थात नकलाकाराने खरीच चांदी वापरली असेल, तर ही परीक्षा तो पास होणार. तिथे क्ष-किरणांचं यंत्र लागतं. जुन्या पद्धतीने गाळलेल्या चांदीत शिशाचा, सोन्याचा किंचित अंश उरलेला असतो. आधुनिक कारखान्यातली चांदी फारच स्वच्छ. इथे गुन्हेगार सापडतो तो अतिशुद्धपणामुळे.

भडोच, पैठण आणि दाम

तुम्ही म्हणाल, हे सगळं लांबचं झालं. पण ग्रीक पद्धतीची चांदी आपल्या दारापर्यंत आली होती बरं का! अलेक्झांडरनंतर अफगाणिस्तान आणि पंजाबच्या भागात ग्रीक राजांची राज्यं झाली. त्यांतला मिनँडर म्हणजे बौद्ध ग्रंथातला राजा मिलिंद. त्याच्या द्राक्मांचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तो म्हणतो, की मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे जुने द्राक्मा भडोचच्या बाजारात अजून चालतात. आणि याच भडोचला पैठणहून आणि तेरहून गाड्या भरभरून माल यायचा, असंही तो सांगतो. पैठणच्या कुण्या सावकाराने भडोचला उभं राहून मिनँडरची नाणी मोजून घेतली असतील!

क्षत्रप राजा नहपान याची चांदीची नाणी याच घराण्यातली. राजाच्या मुखाभोवती त्यांवर ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा ग्रीक नाही. आपलेच शब्द त्या अक्षरांत लिहिलेत. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावी अशी तेरा हजारांहून जास्त नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव गौतमीपुत्राने केला, हे नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांवरून कळत होतंच, पण या नाण्यांनी तो हिशेब डोळ्यांसमोर मांडला.

द्राक्माचा झाला द्रम्म, आणि द्रम्माचा झाला दाम. 'दाम दुप्पट' म्हणताना, 'दमडी नाही खिशात' म्हणताना तुम्ही अथेन्सच्या बाजारातला शब्द बोलत असता.

आता विचार करा, की ही तेरा हजार नाणी सापडल्याबरोबर गुपचूप वाटून घेतली असती, वितळवली असती, तर? १९८४ साली तुर्कस्तानात एल्मालीजवळ असंच झालं. सुमारे १९०० ग्रीक चांदीची नाणी तिघांना जमिनीत सापडली. त्यांत अथेन्सची दहा द्राक्मांची अतिदुर्मीळ नाणी डझनाहून जास्त होती. ती चोरट्या मार्गाने परदेशात गेली, विकली गेली. तुर्कस्तानने खटला लढवला आणि १९९९ साली बहुतेक नाणी परत मिळवली. पण ती कुठल्या भांड्यात होती, शेजारी काय होतं, कुठलं नाणं कुठल्या नाण्याजवळ होतं, हे आता कोण सांगणार?

खोटं नाणं असाच घात दुसऱ्या बाजूने करतं. भावंडांची साखळी लावून अभ्यासक ठरवतात, की कुठल्या वर्षी किती ठसे वापरले गेले, म्हणजे किती पैसा निघाला, म्हणजे लढाईची तयारी केवढी होती. त्या साखळीत एक बनावट कडी शिरली, की न झालेली गोष्ट झाल्यासारखी दिसू लागते. लिहिणाऱ्या पंडितालाही पत्ता लागत नाही.

मग जमवायचं काय?

प्राचीन ग्रीक नाणं विकत घ्यायच्या भानगडीत तुम्ही इतक्यात पडू नका. आईबाबांनो, तुम्हालाही सांगते: पर्यटनस्थळी किंवा फोनच्या पडद्यावर कुणी 'आजोबांच्या पेटीत मिळालं' म्हणून ग्रीक चांदी स्वस्तात देऊ करत असेल, तर पेटी आणि आजोबा दोन्ही बहुधा काल्पनिक असतात. नाणं आधी कुणाकडे होतं याचे कागद आणि खोटं निघाल्यास पैसे परत देण्याची लेखी हमी, हे दोन्ही जो देत नाही, त्याला नमस्कार करून पुढे चालावं. शेतात, पाया खणताना काही सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

पण संग्रह म्हणजे विकत घेणंच असं कुणी सांगितलं? एक कोरी वही घ्या. घरातली प्रत्येक जुनी नाणी कागदाखाली ठेवून पेन्सिल फिरवा, छाप उमटेल. शेजारी वजन, रुंदी आणि पाण्यातला आकडा लिहा. कड कशी आहे ते भिंगाने पाहून लिहा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासासाठीच काढलेली संस्था आहे. सहलीला गेलात, तर काचेपाशी थांबून एकाच राजाची दोन नाणी शेजारी पाहा आणि भावंडं ओळखता येतात का ते बघा. डोळा असाच तयार होतो. आणि एक विनंती: जुनं नाणं चिंच, लिंबू, रांगोळी लावून घासू नका. वरचा काळसर थर ही त्याच्या वयाची साक्ष आहे. ती घासून टाकली, की अस्सल नाणंही बेकरच्या गाडीतून उतरल्यासारखं दिसायला लागतं.

सुरुवात राणीछाप रुपयापासून करा. पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो असतो. व्हिक्टोरिया राणीचा अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, १०० भागांत सुमारे ९२ भाग चांदीचा. पाण्यात त्याने सुमारे १.१३ आकडा दाखवायला हवा. झिजलेला असेल तर दोन्ही आकडे थोडे कमी येतील, पण भागाकार १०.३ च्या आसपासच राहील. याच्याही नकला बाजारात भरपूर आहेत. भागाकार नऊच्या आसपास आला, तर आजीला लगेच सांगायला धावू नका. आधी पूजा होऊ द्या.